गळ्यातली सवत

चिंचवड,
शुक्रवार, दुपार

प्रिय इंदू,

सगळे जिवंत आहोत हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू घाबरी न होता वाचशील. काल संध्याकाळी आमच्याकडे फार मोठं वादळ झालं. फाल्गुनात असलं काही सासूबाईंनीसुद्धा जन्मात पाहिलेलं नाही. चाकणला काय झालं ते कळायला मार्ग नाही, पण शेजारचे युसुफभाई उद्या कांदा भरायला लॉरी घेऊन तिकडेच येणार आहेत, ते हे पत्र शाळेत आणून तुझ्या हातात देतील. रंभीच्या कपाळाला लागलंय. चार टाके पडले. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी डॉक्टरांनी घातले. डोळा वाचला, अंगात कणकण आहे, पण आता माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली आहे. तुला वाटेल असंच उठावं आणि निघावं. जरा थांब. रविवारी तू तिला कायमची न्यायला येणार आहेस, त्याच्या आत मला जे सांगायचंय ते तोंडानं सांगता येणार नाही. तू समोर आलीस की मी चहा टाकायला उठते आणि राहिलेलं राहूनच जातं.

तू मास्तरीण, तुझ्या पत्रात कधी खाडाखोड नसते. मी चौथी पास, तेव्हा काना-मात्रेला हसू नकोस. तुझं पत्र आलं की हे ते दोनदा वाचतात. एकदा मोठ्यानं, सासूबाईंना ऐकू जावं म्हणून, आणि एकदा मनात. ते मनातलं वाचणं कशासाठी, हे मी तीन वर्षांत विचारलेलं नाही. तू येणार असलीस की डेपोतून आल्या आल्या सायकल भिंतीला लावून आधी हातपाय धुतात आणि धुतलेला सदरा अंगात घालतात. माझ्यासाठी घातलेला मला तरी आठवत नाही. आता तू म्हणशील, काय ही बाई, काय काय मनात आणते! तसलं वाईटवंगाळ काही नाही गं. तुझ्याबद्दल नाही आणि त्यांच्याबद्दल तर नाहीच नाही. तू हसलीस की तुझी बहीण दुर्गाबाईच हसल्यासारखी वाटते, असं सगळेच म्हणतात. तेवढं ऐकायला हा माणूस समोर बसतो, हे मला कळतं. पण कळून काय उपयोग? माझ्या जिवाचा तिळपापड व्हायचा तो होतोच.

तुझी बहीण जाऊन वर्ष होतंय न होतंय तोच मला या घरात दुसरेपणावर दिली. बार्शीहून इकडे आले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. तू होतीसच की लग्नाला. मंगळसूत्र बांधून होतं न होतं तोच सासूबाईंनी पुढे होऊन माझ्या गळ्यात दुर्गाबाईंचा टाक बांधला. पावलीएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई. सोनारानं तुझ्या बहिणीला कधी पाहिलंही नव्हतं, त्यामुळे त्या बाईला नाक आहे, डोळे आहेत आणि ती कुणीही असू शकते. सासूबाई म्हणाल्या, आता ही तुझ्या गळ्यात ऱ्हाईल, हिला जप, कधी काढू नगंस, काढलीस तर ती कोपंल आणि तुला संगं घिऊन जाईल. एकोणिसाव्या वर्षी असलं ऐकून कुणाची छाती होईल काढायची? तेव्हापासून नवं लुगडं आलं की ते आधी टाकाला लावायचं, मग मी नेसायचं. हळदीकुंकू आधी तिला, मग मला. अविधवा नवमीला तिच्या नावानं पुरणपोळ्या मी लाटायच्या, आणि जेवायला बसलेल्या बायकांनी घास घेऊन म्हणायचं, दुर्गाचं पुरण कसं मऊ असायचं नाही! इंदू, माझं पुरण चांगलं असतं. पण मेलेल्या बाईच्या पुरणापुढे कुणाच्या पुरणाचा टिकाव लागलाय?

आणि एकटा टाकच आहे थोडाच. फळीवरचे डबे तिनं लावले त्याच ओळीत आहेत. मी एकदा मिठाची बरणी चुलीजवळ घेतली, तर सकाळी ती आपली जागच्या जागी. सासूबाईंनी ठेवली की यांनी, कुणी सांगेना. मग तो पलंग. तुझ्या अण्णांनी सागवान आणून, स्वतः रंधा मारून लेकीला दिलेला. हेही सुतारच, देहूरोडला लष्कराच्या डेपोत दिवसभर खोकी ठोकतात, पण रात्री पलंगावर पडलं की खालचा सांधा चाचपून म्हणतात, असा सांधा आपल्याला जमायचा नाही बुवा. मी शेजारी पडलेली असते. आणि सगळ्यांत जास्त तिची म्हणजे तिची लेक, रंभी. हनुवटी तिची, चालणं तिचं. सासूबाईंनी शिकवलं, ही तुझी धाकटी आई, तर त्यातलं आई गळून पडलं आणि मी नुसती धाकटी राहिले. पोर वाईट नाही हो. सांगितलेलं ऐकते, माझ्या सयाजीला झोका देते, हट्ट करत नाही. तेच मला खुपतं. ज्या घरात लेकरू हट्ट करत नाही, त्या घरात ते पाहुणं असतं. तू आलीस की मात्र तुझ्या मागं मागं, तुझ्या पदराला धरून, मावशी हे बघ आणि मावशी ते बघ. तू घातलेली वेणी ती दोन-दोन दिवस सोडू देत नाही. मी तेल लावायला बसवली की मान ताठ करून बसते.

म्हणून गेल्या महिन्यात तुझं पत्र आलं तेव्हा मला काय झालं ते ऐक. रंभीला माझ्याकडे द्या, इथल्या शाळेत घालते, शाळा जूनला असली तरी आत्ताच येऊ दे म्हणजे रुळेल, असं तू लिहिलं होतंस. तुझे मालक गेल्यापासून संध्याकाळी घर खायला उठतं, अण्णाही उशिरा येतात, असंही लिहिलं होतंस. यांनी ते पत्र त्या दिवशी एकदाच वाचलं. मग बराच वेळ विडी ओढत बसले आणि म्हणाले, तू म्हणशील तसं, पोरीचं सगळं तूच करतेस. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं, जाऊ दे की, तिच्या शिक्षणाचं बरं होईल. असं किती शहाण्यासारखं म्हटलं मी! दुसऱ्याच दिवशी तुला होकाराचं कार्ड टाकलं. मनात काय होतं ते आज लिहिते: रंभी गेली की दुर्गाबाई अर्ध्या या घरातून जातील. उरलेल्या अर्ध्या माझ्या गळ्यात होत्या, त्यांचं बघून घेऊ.

काल दुपारी बघून घेतलं. सासूबाई शेजारी गुलशनभाभींकडे डाळ पाखडायला गेल्या होत्या, आणि मी रंभीचं गाठोडं बांधायला बसले. दोन परकर, दोन पोलकी, पाटी, फणी आणि तू दिलेल्या रिबिनी. विळीवर टाकाचा दोरा कापला. काही झालं नाही. वीज पडली नाही की काही नाही. नव्या परकराची खालची दुमड उसवली, आत टाक घातला आणि वरून टाके घालून टाकले. म्हटलं, जा बाई, लेकीबरोबर तूही आपल्या माहेरी जा, सुखानं राहा, मला मोकळं कर. रंभी उंबऱ्यावर बसून हे सगळं बघत होती. सुईत दोरा तिनंच ओवून दिला. काय शिवतेस म्हणून तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग मी गळ्याभोवती पदर लपेटून घेतला आणि गाठोडं चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

पाच वाजता अंधारून आलं. दिवसभर अंगाची नुसती लाही होत होती, पानसुद्धा हलत नव्हतं, आणि एकाएकी घोरवडेश्वराच्या डोंगराकडून धुळीचा लोटच्या लोट आला. सासूबाई पळत आल्या. हे डेपोतून निघाले होते ते वाटेत टोपी गमावून, सायकल ढकलत, डोळे चोळत घरात शिरले आणि दार लावून त्याला पाठ देऊन उभे राहिले. मी सयाजीला उचललं. वरचे पत्रे आधी थरथरले, मग धाडधाड वाजायला लागले. मग गारा. आधी सुपारीएवढ्या, मग लिंबाएवढ्या. पत्र्यावर असा कल्लोळ की हे तोंड उघडतात ते दिसत होतं, शब्द ऐकू येत नव्हता. तेवढ्यात चुलीवरचा एक पत्रा खिळ्यांसकट उपटला आणि निघून गेला. घरात आभाळ दिसायला लागलं. यांनी एकेकाला दंडाला धरून पलंगाखाली घातलं. सासूबाई, मी, माझ्या पोटाशी सयाजी, रंभी, आणि पायथ्याशी अर्धे आत अर्धे बाहेर हे. सगळं कुटुंब दुर्गाबाईंच्या पलंगाखाली! खरं सांगते इंदू, वर गारा पडतायत, मूल किंचाळतंय, आणि माझ्या मनात आलं ते हेच की मरून चार वर्षं झाली तरी आमच्या डोक्यावर छप्पर हिचंच. आणि सांधा काही हलला नाही हो अण्णांचा. वरून काहीतरी जड येऊन पडलं, तरी हलला नाही.

पलंगाखाली पदर कुठला राहायला. सासूबाईंचा हात सयाजीला चाचपत माझ्या गळ्याशी आला आणि तिथंच थांबला. टाक कुठाय, म्हणाल्या. त्यांनी मला गदागदा हलवलं. टाक कुठाय गं? काढलास? व्हय? अगं कैदाशिणी, म्हणून आभाळ फाटलंय हे! ती कोपली! आता ती तुला नेल्याबिगर ऱ्हात न्हाई! हे पायथ्याकडून ओरडले, आई, गप बस. पण माझ्याकडे बघत होते. मग मलाही चेव आला. तीन वर्षांचं सगळं तोंडाशी आलं. मी ओरडले, काढला, मी काढला, गाठोड्यात घातलाय, रविवारी जाईल तिच्या माहेरी, मला नको तुमची सवत, मला एकटीला राहू द्या! हे मी त्या पोरीच्या देखत बोलले. तिच्या आईबद्दल. ती माझ्या उशाशी पोटावर पालथी पडली होती, आणि मला तिचे नुसते डोळे दिसत होते.

मी श्वास घेईपर्यंत ती बाहेर सरकली होती. यांनी हात टाकला, तो तिच्या परकराला लागून सुटला. ती त्या उघड्या छपराखाली, गारांतून, वाकून चुलीकडे पळत गेली. मला वाटलं, गेली आपल्या आईसाठी. एवढ्या गारांत, आईच्या टाकासाठी! इंदू, त्या क्षणाला, पोर तिथं एकटी असताना, माझ्या मनात पहिला आला तो हेवा. भीती नंतर आली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, तुला सांगते. मग दुसरा पत्रा लोंबायला लागलेला दिसला, आणि मी सयाजीला सासूबाईंच्या अंगावर टाकून बाहेर पडले. मी पोचेपर्यंत पत्र्याची कड तिच्या कपाळावरून गेली होती. मी तिला चुलीच्या कोपऱ्यात भिंतीशी दाबली, हाताशी पितळेची परात आली ती दोघींच्या डोक्यावर धरली आणि उकिडवी बसले. परातीवर गारा अशा वाजत होत्या की कानठळ्या बसल्या. माझ्या पोलक्यावर ऊन ऊन काहीतरी ओघळत होतं, ते तिचं रक्त आहे हे मला नंतर कळलं.

आणि ती काय करत होती? गाठोडं सोडून परकराची दुमड दातांनी उसवत होती. मी म्हटलं, सोड ते, डोळा मिट. ऐकेना. पहिल्यांदाच ऐकेना! टाक निघाला, दोरा तर मी कापलेला, बांधायला काही नाही. तिनं तो तसाच माझ्या गळ्यावर ठेवला आणि वरून हाताचा तळवा दाबून धरला. इतका जोरात की मला गिळता येईना. माझ्या कानाला तोंड लावून म्हणाली, धाकटे, हलू नको, आजी म्हणती तू काढलास तर ती तुला घिऊन जाईल. मग तोंड वर करून, त्या आभाळाकडे बघून, मोठ्यानं ओरडली, हिला न्यायचं न्हाई! सांगून ठेवते, हिला न्यायचं न्हाई! कुणाला ओरडली गं ती? स्वतःच्या आईला. जिचा चेहरासुद्धा तिला धड आठवत नाही, पण जी वर आहे असं सगळ्यांनी तिला सांगितलंय, त्या आईला. माझ्यासाठी. मी तिच्या आईला दोऱ्यासकट कापून घरातून घालवायला निघाले होते, आणि ही माझ्यासाठी तिच्याशी भांडत होती.

पुढचं यांनी केलं. पलंगाची फळी काढून डोक्यावर धरून आले आणि दोघींना ओढत परत नेलं. अर्ध्या तासात सगळं थांबलं. घरात घोट्याएवढा गारांचा थर, चूल विझलेली, पीठ भिजलेलं. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, बघा, टाक गळ्याला लागला आन् शांत झाली. म्हणजे थांबवण्याचं पुण्यसुद्धा दुर्गाबाईंच्याच पदरात! असू दे. युसुफभाई दोरखंड आणि ताडपत्री घेऊन आले, गुलशनभाभींनी सयाजीला नेऊन कोरड्यात ठेवलं, आणि आम्ही रंभीला सायकलवर बसवून कॅम्पात नेलं. डॉक्टरनं सुई काढली, तर ही तोंड फिरवून बसली. आधी धाकटीच्या गळ्यात बांधा, मग टोचा, म्हणे. शेवटी कंपाउंडरनं बँडेजची चिंधी फाडून दिली, ती ओवून यांनी तिथंच, सगळ्या पेशंटांच्या देखत, टाक माझ्या गळ्यात बांधला. तिनं गाठ ओढून बघितली आणि मग चार टाके घेतले, हूं की चूं केलं नाही.

परत येताना पोर सायकलच्या दांड्यावर झोपली होती. हे हँडल धरून चालत होते, मी मागून तिची मान सावरत होते. यांनी विचारलं, का काढलास? मी म्हटलं, जळते मी तिच्यावर, आणखी काय? तुमच्या घरात बरणी हलवायची सोय नाही. चाकाखाली गारा चिरडल्या जात होत्या. मग म्हणाले, यशोदे, मला तिचा चेहरा आठवत नाही गं आता. इंदू आली की थोडा आठवतो. रडले नाहीत, काही नाही, आपलं साधं सांगितलं. तुला वाटेल, हे ऐकून माझी आग विझली असेल. थोडी विझली. सगळी नाही. तू आलीस आणि त्यांनी धुतलेला सदरा घातला, तर मला अजून राग येणार आहे, हे धरून चाल.

पण आज सकाळचं ऐक. पोरीला ताप होता. मी पाण्याची पट्टी बदलत बसले होते, सगळी रात्र माझ्या गळ्याशी तिचा हात होता, आणि तापात ती बोलायला लागली. मी कान देऊन ऐकलं. मावशी, म्हणाली. दोनदा म्हणाली. रात्रभर जागले मी, आणि नाव निघालं तुझं! इंदू, मी पुष्कळ जळले आहे. तुझ्या बहिणीवर जळले, तिच्या पुरणावर, तिच्या पलंगावर. पण हे जळणं निराळं होतं. दुर्गाबाईंचा हेवा वाटायचा तेव्हा मला वाटायचं, ही पोर तिची, घेऊन जा तिला. आज तुझा हेवा वाटला तेव्हा वाटलं, ही पोर माझी, हिनं तुझं नाव का घ्यावं! मी ओली पट्टी हातात धरून तशीच बसले. आपल्यालाच आपलं हसू आलं आणि रडूही आलं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. होकाराच्या कार्डावर खाली रंभीच्या अक्षरात एक ओळ होती. मावशी, मला तुझ्याकडे ने, मला इथं करमत नाही. तू उलट टपाली लिहिलंस की ती ओळ वाचून तू रात्रभर रडलीस आणि मगच अण्णांची समजूत घातलीस. ती ओळ माझी आहे. अक्षर तिचं, शब्द माझे. शुद्धलेखन म्हणून मी तिला पाटीवर सांगितले आणि मग कार्डावर उतरवून घेतले, म्हणजे तू मागे फिरू नयेस, आणि यांनाही वाटावं की पोरीचीच इच्छा आहे. हे यांना ठाऊक नाही. हे पत्र गेलं की त्यांनाही सांगणार आहे, मग काय व्हायचं ते होवो. पोरीनं सगळं लिहिलं, एक अक्षर चुकलं नाही. लिहून झाल्यावर एवढंच विचारलं, आणि परत कधी यायचं ते कुठं लिहू? मी म्हटलं, कार्डावर जागा उरली नाही. ती बरं म्हणाली आणि दौत झाकून उठली. सात वर्षांच्या पोरीनं ते बरं कसं म्हटलं असेल, हे काल रात्रीपासून माझ्या डोक्यातून जात नाही. तुझं दुःख मोठं आहे, इंदू, तुझा हक्कही माझ्याहून मोठा आहे, आणि तुझ्याकडे ती माझ्याहून चांगली शिकेल, हेही मला कळतं. तरी मी देत नाही. रविवारी ये. तिला पोटभर बघ, तिला जवळ घे, तुला हवी तशी वेणी घाल, मी चुलीपाशी बसून जळत राहीन आणि तोंडातून शब्द काढणार नाही. तू मला खोटारडी म्हण, तुझ्या बहिणीची वैरीण म्हण, आयुष्यभर बोलू नकोस. पण संध्याकाळच्या गाडीला एकटी जा. गाठोडं मी सोडलंय, परकर वाळत घातलेत, आणि रंभी आत्ताच जागी होऊन विचारतेय की कुणाला लिहितेस. मी म्हटलं, मावशीला लिहितेय, तू कुठं जायची नाहीस म्हणून. ती बरं म्हणाली नाही. म्हणाली, तेवढं वाचून दाखव.

रंभीच्या घरून,
तुझीच
यशोदा